गोधडीतला बर्फ आणि खोटारडा हात

सातवीच्या वर्गात उष्णता शिकवायची असेल तर पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नये. बर्फाचे दोन सारखे खडे न्यावेत. एक उघडा बशीत ठेवावा, दुसरा पिशवीत घालून गोधडीत गुंडाळावा, आणि पैज लावावी: आधी कोण वितळणार? मी हे दरवर्षी करतो. दरवर्षी निम्म्याहून जास्त हात गोधडीच्या बाजूने वर जातात. गोधडी ‘गरम’ असते, आजीनेच सांगितलंय! तास संपताना बशीत तळं झालेलं असतं आणि गोधडीतला खडा मजेत झोपलेला असतो.

गोधडी कुणाला ऊब देत नाही. ती फक्त उष्णतेची ये-जा अडवते. थंडीत आपली उष्णता आत ठेवते, उन्हाळ्यात बाहेरची बाहेर. चिंध्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा हे तिचं खरं भांडवल.

बोस्टनचा बर्फ, कलकत्त्याचं सरबत

हीच युक्ती एका अमेरिकन व्यापाऱ्याने जगभर विकली. फ्रेडरिक ट्यूडरने 1833 साली बोस्टनहून सुमारे 180 टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, फ्रीज नाही. तरी जवळपास 100 टन शिल्लक राहिला. भरवसा कशाचा, तर लाकडाच्या भुशाचा. पुढच्याच वर्षी मुंबईकरांनीही हा परदेशी बर्फ चाखला. बर्फगोळेवाल्याच्या गाडीवरची लादी गोणपाटात का असते, हे मुलांना यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

हात खोटं बोलतो

बाकाचा लोखंडी पाय थंड आणि वरची फळी कोमट, हे प्रत्येक मूल शपथेवर सांगेल. दोन्हीला थर्मामीटर लावला तर आकडा एकच! लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून नेतं, लाकूड आळशी आहे, एवढाच फरक. हाताला तापमान कळत नाही, आपल्याकडची उष्णता किती वेगाने पळतेय ते कळतं.

आता घरचा प्रयोग: गॅसवर न चढवलेला जाड तवा आणि पोळपाट. दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा. हाताला थंडगार लागणाऱ्या तव्यावरचा खडा आधी वितळतो, आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हाताचा खोटेपणा जुना आहे. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो गरम. ही गंमत सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञाने लिहून ठेवली होती.

जाता जाता: स्टेनलेस स्टीलपेक्षा तांब्यातून उष्णता पंचवीसेक पट सहज वाहते. म्हणून स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ. नुसत्या स्टीलमध्ये ज्योतीच्या वरचा भाग तापतो, बाकीचा गारच राहतो, आणि पिठलं नेमकं त्या तापलेल्या जागीच बुडाला लागतं.

पिठलं तोंड का पोळतं?

पिठल्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण अभिसरण शिकवायला याहून चांगला पदार्थ नाही. पातळ आमटीत गरम थर वर येतो, गार थर खाली जातो, आतली उष्णता पृष्ठभागावर येऊन उडून जाते. दाट पिठल्यात ही फिराफिर बंद. वरून साय धरलेली, आत निखारा.

या कोड्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थांना छळलं. त्यांचं पिठलं म्हणजे ‘ॲपल पाय’ हा सफरचंदाचा पदार्थ. तो इतका वेळ गरम का राहतो, हे तोंड पोळून घेताना ते स्वतःला विचारत, आणि दाटपणामुळे आतला प्रवाह थांबतो इथपर्यंत पोचले. हेच रम्फर्ड म्युनिकमध्ये तोफांना भोकं पाडण्याच्या कामावर देखरेख करत. बोथट गिरमिट, फिरवायला घोडे, तोफेभोवती पाणी. अडीच तासांत पाणी उकळलं, विस्तव नसताना! उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा द्रव आहे, हा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या काळचा समज होता. घासत राहिलं तर उष्णता निघतच राहते, म्हणजे ती साठवलेला द्रव नव्हे, हालचाल आहे, असं रम्फर्डनी 1798 साली मांडलं. पुढे त्यांनी लाव्हाझिएच्या विधवेशीच लग्न केलं. संसार फार टिकला नाही. तिथलं घर्षण मोजायला थर्मामीटर नव्हता.

कोकणातल्या मुलांना अभिसरण किनाऱ्यावरच भेटतं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन आधी निवते आणि मतलई वारे उलटे सुटतात. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्यावर परतायच्या. डिझेलचा खर्च शून्य.

वहीचा खेळ

शेवटच्या बाकापर्यंत वही पोचवायची आहे. हातोहात सरकवली, तर वहन. स्वतः उठून नेऊन दिली, तर अभिसरण. भिरकावली, तर प्रारण. मुलांना तिसरा प्रकार फार आवडतो, म्हणून तो एकदाच करावा. अर्थात तुलना थोडी लंगडी आहे. प्रारणाला वर्गातली हवासुद्धा लागत नाही. सूर्याची उष्णता 15 कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून सव्वाआठ मिनिटांत आपल्या पाठीवर पडते. शेकोटीपुढे तोंड भाजतं आणि पाठ गारठते, तेही प्रारणच. गरम हवा तर सरळ वर निघून जाते.

हे ऐकून ठेवा

सेल्सियसने 1742 मध्ये मोजपट्टी आखली तेव्हा पाणी 0 अंशावर उकळायचं आणि 100 वर गोठायचं! नंतर ती उलटी केली, म्हणून आपला ताप वाढला की आकडाही वाढतो.

कागदी पेल्यात पाणी भरून मेणबत्तीवर धरा (मोठ्यांनी). कागद पेटत नाही, कारण पाणी त्याला 100 अंशांच्या फार वर जाऊच देत नाही.

थर्मासची मूळ कल्पना शास्त्रज्ञ जेम्स डेवर यांची, 1892 ची. पेटंट घेतलं नाही, पैसा जर्मन कंपनीने कमावला. दोन भिंती, मधे पोकळी, आत चांदीचा मुलामा: वहन, अभिसरण, प्रारण, तिघांनाही दार बंद. तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच, चहा गरम ठेवायचा की सरबत गार, हे त्याला कळतं कसं?

आणि एक हट्टी विद्यार्थी

1963, टांझानिया, तेव्हाचं टांगानिका. शाळेत आइस्क्रीम करताना एरास्टो म्पेम्बाने घाईत दूध निववलं नाही, तसंच गरम मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवलं. दुसऱ्या मुलाच्या न उकळलेल्या मिश्रणाआधी त्याचं गोठलं. त्याने शिक्षकांना विचारलं. तुझा घोटाळा झाला असेल, म्हणाले, आणि पुढे वर्गात त्याची थट्टाही झाली. काही वर्षांनी डेनिस ऑस्बॉर्न नावाचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले तेव्हा पठ्ठ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. पोरं हसली, ऑस्बॉर्ननी मात्र प्रयोगशाळेत करून पाहिलं. 1969 मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. गरम पाणी खरोखर आधी गोठतं का, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. कुणाला दिसतं, कुणाला नाही.

ही गोष्ट सांगितल्यावर वर्गातली निम्मी पोरं घरी जाऊन फ्रीजर उघडतात. तेव्हा आदल्या दिवशी पालकांच्या गटावर एक निरोप टाकून ठेवावा: उद्या संध्याकाळी फ्रीजरमध्ये वाफाळतं भांडं दिसलं तर ओरडू नका, गृहपाठ आहे.