होकायंत्र घेऊन शेताला एक फेरी

मैत्रिणींनो, घरातलं एखादं जुनं खरेदीखत काढा आणि त्यातली चतुःसीमा वाचा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुक गट नंबर, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस तमुक यांची जमीन. चार ओळींत शेत संपलं! आता ओढा पुरात जागा बदलतो, गाडीरस्ता रुंद होतो, शेजारची जमीन विकली जाते. आणि बांध काही उगवतीकडून मावळतीकडे सुतात आखलेला नसतो. तो तिरका जातो, मध्येच वळतो. 'पूर्वेस' या शब्दात ते वळण मावत नाही.

वळण कागदावर धरायचं तर दिशा आकड्यात लिहावी लागते. त्यासाठी होकायंत्र. (शाळेच्या कंपासपेटीतला कंपास वेगळा, तो वर्तुळ काढायचा. इथे आपण सुई उत्तर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल बोलतोय. कंपासपेटीही लागणार आहे, पण नंतर.)

आपल्याला हे कशाला, असं कुणी म्हणेल. मोजणी सरकार करतं, ते खरंच आहे. पण गटानं भाजीसाठी शेत खंडानं घ्यायचं ठरवलं की मालक सांगेल तेवढे गुंठे आपण मान्य करतो, आणि दर वर्षी तेवढ्याचाच खंड भरतो. एकट्या बाईच्या शेताचा बांध दर नांगरटीला एक तास आत येतो, आणि पाच वर्षांनी ती बोलायला लागली की 'आधीपासून असाच आहे' हे उत्तर तयार असतं. आधी कसा होता हे सांगणारा कागद तिच्याकडे नसतो. तो कागद करायला पाच जणी, एक टेप आणि एक सकाळ पुरते.

आता दिशा आकड्यात कशी लिहायची ते बघू. उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. ही झाली ० अंश. तिथून उजवीकडे वळत गेलं की पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा उत्तरेला आलं की ३६०. उत्तरेपासून उजवीकडे वळत बांधाच्या रेषेपर्यंत जेवढे अंश होतात, तो त्या बांधाचा दिशाकोन. मोजणीवाले त्याला बेअरिंग म्हणतात. बांध ८० अंशावर जातो म्हणजे पूर्वेला जातो, पण १० अंश उत्तरेकडे झुकून.

मोजणीसाठी जे होकायंत्र वापरतात ते प्रिझमचं. पितळी डबी, आत सुईला चिकटलेली आकड्यांची गोल चकती, एका बाजूला उभी पट्टी आणि तिच्यात ताणलेला केस किंवा तार, दुसऱ्या बाजूला फट आणि तिच्याखाली काचेचा लोलक. फटीला डोळा लावून केसाच्या रेषेत समोरची काठी धरायची आणि त्याच वेळी लोलकातून खालचा आकडा वाचायचा. अर्ध्या अंशापर्यंत वाचता येतं. या चकतीवर ० हा आकडा उत्तरेच्या टोकाला नसून दक्षिणेच्या टोकाला असतो. ती चूक नाही. आपण उत्तरेकडे बघतो तेव्हा आपल्या डोळ्याखाली चकतीचं दक्षिण टोक येतं, आणि वाचायचं तर तिथेच असतं.

असं यंत्र गटाजवळ नसलं तरी बऱ्याच मोबाइलमध्ये होकायंत्र असतं. काही स्वस्त मोबाइलमध्ये त्याचा सेन्सर नसतो, तेव्हा आधी तपासा. मोबाइल वळवला तरी आकडा हललाच नाही तर तो मोबाइल या कामाचा नाही. सुरुवात करण्याआधी मोबाइल हातात धरून हवेत इंग्रजी आठाचा आकडा चार-पाच वेळा गिरवा, म्हणजे सेन्सर ताळ्यावर येतो. मागचं झाकण चुंबकाचं असेल तर काढून ठेवा. मोबाइल आडवा, तळहातावर सपाट धरा आणि त्याची लांब कड काठीकडे रोखा. प्रिझमच्या यंत्राइतकं नेमकं माप मिळणार नाही, दोन-चार अंश इकडेतिकडे होतील, पण पद्धत तीच.

फेरी प्रदक्षिणेसारखी घ्या, शेत उजव्या हाताला ठेवून. कोपऱ्यांना अ, ब, क, ड नावं द्या. एकीनं अ वर यंत्र घेऊन उभं राहायचं, दुसरीनं ब वर लाल फडकं बांधलेला बांबू सरळ धरायचा, दोघींनी टेप ओढायची आणि एकीनं वही सांभाळायची. टेप झोळ न देता ताणा. उतारावर टेप जमिनीवर टाकून मोजू नका, लांबी जास्त येते. टेप आडवी, पाणसळीत धरा, हवेतल्या टोकाकडून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा आणि टप्प्याटप्प्यानं खाली उतरा.

धरा, आकडे असे आले. अ ते ब: ८० अंश, ६० मीटर. ब ते क: १७२ अंश, ४० मीटर. क ते ड: २६२ अंश, ५७ मीटर. ड ते अ: ३४८ अंश, ३८ मीटर.

इथे बहुतेक जणी वही मिटतात. मिटू नका. खरं राखणदारीचं काम आता आहे, ते म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावरून मागे वळून बघणं. अ वरून ब कडे ८० अंश आले असतील तर ब वर उभं राहून अ कडे बघितलं की २६० आलेच पाहिजेत. पुढचा आकडा १८० पेक्षा कमी असेल तर त्यात १८० मिळवा, जास्त असेल तर १८० वजा करा, मागचा आकडा मिळतो. दोन्ही टोकांचे आकडे जुळले की त्या दोन्ही जागा स्वच्छ आहेत, असं समजायला हरकत नाही.

जुळले नाहीत तर? जवळपास लोखंड शोधा. होकायंत्राची सुई उत्तर ओळखत नाही, तिला फक्त चुंबकाची ओढ कळते, आणि लोखंड तिला आपल्याकडे ओढतं. विजेचा लोखंडी खांब, तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, बोअरची केसिंग, उभा ट्रॅक्टर ही मोठी मंडळी झाली. पण कमरेला खोचलेला विळा, पदराची सेफ्टी पिन, हातातलं लोखंडी कडं, दुसरीच्या हातातला मोबाइल हेही यंत्राच्या अगदी जवळ येतात. सोनं, चांदी, पितळ आणि काचेच्या बांगड्या यांचा त्रास नाही. आपल्याकडचा काळा पाषाणही पूर्ण निर्दोष नाही. त्यात चुंबकी खनिजाचे कण असतात, त्यामुळे उघड्या खडकावर यंत्र टेकवण्यापेक्षा उंच तिपाईवर किंवा हातात धरलेलं बरं.

अशाच बिघाडापायी एका वेधशाळेचं चुंबकाचं काम मुंबई सोडून गेलं आहे. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात होती. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिथली मापं बिघडणार हे उघड झालं. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. चुंबकाचं काम त्यांनी अलिबागला हलवलं. १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या आणि पुढे दोन वर्षं दोन्ही ठिकाणची मापं जोडीनं घेऊन ताळा केला. अलिबागच्या इमारतींत लोखंड वापरलं नाही. ती वेधशाळा आजही चालू आहे.

आपल्याला शेड हलवता येत नाही, पण हिशोबानं वाट काढता येते. वरच्याच शेतात क कोपऱ्याजवळ मोटारीची पेटी आणि लोखंडी खांब आहे असं समजा. ब वरून क कडे १७२ आले होते, म्हणजे क वरून ब कडे ३५२ यायला हवेत. आले ३४७. पाच अंश कमी. अ आणि ब मधल्या रेषेचे दोन्ही आकडे जुळले होते, म्हणजे ब चांगला, बिघाड क वर. आता क वर उभं राहून ड कडे बघितलं तर यंत्र २५७ दाखवतं. त्यातही तेच पाच अंश मिळवा, २६२ झाले. खात्री हवी तर ड वर जाऊन क कडे बघा: ८२ येतात, आणि ८२ अधिक १८० बरोबर २६२. एका जागी लोखंड असलं की तिथून घेतलेले सगळे आकडे सारख्याच अंशांनी चुकतात, म्हणून ही युक्ती चालते. फक्त मधेच जागा किंवा यंत्राची उंची बदलू नका, आणि विळावाली बाई एकदा जवळ, एकदा लांब असं होऊ देऊ नका.

आणखी एक ताळा. चार कोपरे असलेल्या शेताच्या आतल्या कोनांची बेरीज ३६० होते. कोपऱ्यावरून मागच्या कोपऱ्याचा अंश घ्या आणि त्यातून पुढच्या कोपऱ्याचा वजा करा. ब वर २६० वजा १७२, म्हणजे ८८. क वर ३५२ वजा २६२, म्हणजे ९०. ड वर ८२ मधून ३४८ जात नाहीत, म्हणून आधी ३६० मिळवायचे, ९४ येतात. अ वर १६८ वजा ८०, म्हणजे ८८. बेरीज ३६०. दहावी शिकणारी मुलगी घरात असेल तर हे गणित तिच्याकडे सोपवा, ती तुमच्या आधी करून टाकेल.

आता कंपासपेटी काढा. आलेख कागदावर वरची बाजू उत्तर धरा आणि १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर असं प्रमाण घ्या. अ ची खूण करा, कोनमापकानं ८० अंशाची रेघ मारा, ६० मीटरचे १२ सेंटिमीटर मोजा, ब आला. कोनमापक १८० पर्यंतच असतो, त्यामुळे २६२ साठी १८० वजा करून दक्षिणेपासून पश्चिमेकडे ८२ मोजायचे. ३४८ म्हणजे उत्तरेच्या डावीकडे १२. शेवटची रेघ पुन्हा अ वर येऊन टेकली पाहिजे. वरचे आकडे नीट काढले तर पेन्सिलीच्या टोकाएवढी फट राहते, ती चालते. बोटभर फट राहिली तर एखादी बाजू चुकली आहे, ती पुन्हा मोजा.

क्षेत्रफळासाठी अ ते क तिरकी रेघ मारा, दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाचा पाया गुणिले उंची, भागिले दोन. या शेताचं क्षेत्र सुमारे २,२८० चौरस मीटर येतं, म्हणजे २२.८ आर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असायची, गुंठा तिथूनच आला. तर शेत झालं साडेबावीस गुंठे. मालक पंचवीस म्हणत असेल तर लगेच त्याला खोटं पाडायला जाऊ नका. सातबाऱ्यावर लागवडीखालचं क्षेत्र आणि पोटखराबा दोन्ही असतात, आणि तो एकूण आकडा सांगत असेल. सातबारा मागा, आकडा कुठला ते विचारा आणि खंड पिकणाऱ्या जमिनीचा ठरवा.

यंत्राची मर्यादाही ओळखून असा. एका अंशाची चूक ६० मीटरवर एक मीटरहून थोडी जास्त होते. बांध वीतभर सरकला की हातभर, या वादाचा निकाल होकायंत्र देऊ शकत नाही, आणि मोबाइल तर नाहीच. आपला नकाशा हद्द ठरवत नाही. हद्द कायम करायची तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा. तिथले भूकरमापक उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रानं मोजतात, शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी घरचे पुरुष बोलतात आणि बाई चहा ठेवते, हे आपण पाहत आलोय. हातात आपला कागद असेल तर तिथेच उभं राहून विचारता येतं, 'साहेब, ब चा कोपरा या दगडापासून धरला की त्या?'

बांधाचीच काळजी असेल तर सगळं शेत मोजायचीही गरज नाही. सहसा हलत नाहीत अशा दोन खुणा निवडा, जुनं चिंचेचं झाड, देवळाचा कोपरा, दगडी विहिरीचा कठडा. दोन्हीकडून हद्दीच्या दगडाचा अंश आणि अंतर लिहून ठेवा. इथे अंतर जेवढं कमी तेवढं बरं. २० मीटरवर एका अंशाची चूक जेमतेम फूटभर होते, आणि टेपचं माप तर त्याहून खूप नेमकं असतं. दगड कुणी उपटला तरी दोन खुणांवरून टेपनं दोन कमानी मारल्या की त्या एकमेकींना छेदतात तिथे जुनी जागा सापडते. अशा दोन जागा निघतात, त्यातली कुठली ते अंश सांगतो. नांगरट व्हायच्या आधी हे करा.

कागदावर तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि सह्या, यंत्र कुठलं होतं तेही लिहा. नकाशाचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका, मूळ कागद ठरावाच्या वहीत लावा. आणि होकायंत्र टीव्ही किंवा स्पीकरशेजारी ठेवू नका. डबी मिटताना पट्टी पूर्ण खाली दाबली की सुई टोकावरून उचलली जाते, नाहीतर ते टोक झिजतं आणि पुढच्या वेळी सुई अडकत फिरते.