हसू मोजणारा कॅमेरा

चेहऱ्याच्या लकव्यावर उपचार झाले की ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायची जुनी रीत आहे. ती फसवी आहे, कारण हा आजार हालचालीचा. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली की तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळते. पुढे तंतू पुन्हा वाढतात, पण कधी कधी भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. मग हसताना त्या बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो. फोटोत हे सहज निसटते, व्हिडिओत लपत नाही.

दिल्लीत एम्सच्या प्लास्टिक सर्जरी विभागात किंवा शाहदऱ्याच्या लेप्रसी मिशन रुग्णालयात (कुष्ठरोगातही पापणी मिटेनाशी होते) लांबलांबून रुग्ण येतात. जुन्या लकव्यात उपचार रेंगाळतात. पायातला मज्जातंतू काढून चांगल्या बाजूकडून लकव्याच्या बाजूला नेतात. त्यातून नवे तंतू दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर पुढे सरकतात, म्हणून बरेच महिने थांबून मग मांडीतला स्नायू गालात बसवतात. तोवर सुरुवातीला तोंड किती वाकडे होते, हे ना रुग्णाला नेमके आठवते ना डॉक्टरांना.

लकव्याची तीव्रता मोजणारी, 1985 पासून रूढ असलेली हाउस-ब्रॅकमन श्रेणी सहा पायऱ्यांची. तपासणारा बदलला की पायरीही बदलू शकते. 1996 ची सनीब्रुक पद्धत 100 पैकी गुण देते आणि नको त्या हालचालींचे गुण वजा करते. आता संगणक व्हिडिओच्या चौकटी-चौकटीत भुवया, पापण्या, ओठ यांवर बिंदू टाकून अंतरे मोजतो. मोजपट्टी म्हणून बुबुळ चालते, कारण प्रौढांत त्याचा व्यास साधारण सारखाच, 12 मिलिमीटरच्या आसपास असतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी चाचणी: रुग्णाला गमतीची चित्रफीत दाखवून चेहरा टिपायचा. ‘हसा’ म्हटल्यावर मुद्दाम हसू आणता येते. खरा कस लागतो तो कुणी न सांगता आपोआप उमटणाऱ्या हसण्यात.

मात्र निरोगी चेहऱ्यांवर शिकलेला संगणक लकव्याच्या चेहऱ्यावर बिंदू चुकवतो. आपल्याकडच्या रुग्णांची, दाढी-मिशांसकट, चित्रणे संमतीने जमवल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नये.

घरात कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले तर आधी तातडीने रुग्णालय गाठा; बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या मज्जातंतूचा अचानक येणारा लकवा) असेल तर स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू झालेले बरे. उपचार सुरू झाले की समोरून उजेड घेऊन भुवया उचलणे, डोळे मिटणे, हसणे, ओठांचा चंबू करणे, एवढे मोबाइलवर टिपून ठेवा आणि दर तपासणीला तसेच पुन्हा टिपा.