परदेशी निघताय? बॅगेला कुलूप लावण्याआधी…

लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण करायला अमेरिकेला निघालात ना? मग डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतविडा यांनी बॅगा गच्च भरल्या असतील. शेवटी उरतं ते कुलूप. घरी कपाटाची किल्ली कनवटीला लावली की आपण निश्चिंत! विमानात सामानात दिलेल्या बॅगेचं मात्र तसं नाही, बरं का.

बॅग कोण उघडतं?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत टी.एस.ए. हे विमानतळांच्या सुरक्षेचं सरकारी खातं सुरू झालं. २००२ च्या अखेरीपासून तिथून विमानात चढणारी प्रत्येक बॅग तपासली जाते. बहुतेक बॅगा यंत्रातून तशाच पुढे जातात. पण पडद्यावर काही शंकास्पद दिसलं, तर बॅग उघडतात आणि तीही तुमच्या पाठीमागे. आपल्याकडे अशा वेळी सहसा प्रवाशाला बोलावून घेतात. तिथे आत फक्त एक छापील चिठ्ठी ठेवलेली सापडते. कुलूप उघडलं नाही तर ते तोडतात आणि त्याची भरपाई मिळत नाही.

‘पण आम्ही तर मुंबईहून बसणार!’ असं म्हणाल. खरं आहे. मात्र अमेरिकेत उतरून पुढच्या गावाचं विमान घ्यायचं असेल, तर सहसा पहिल्याच विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन, कस्टम उरकून, पुन्हा द्याव्या लागतात. तेव्हा ही तपासणी होते. परतीच्या वेळी तर ती ठरलेलीच.

कुलूप कोणतं घ्यावं?

टी.एस.ए.ची मान्यता असलेलं. त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचं लाल चिन्ह किंवा मशालीचं चित्र असतं. अशा कुलपांच्या खास किल्ल्या तपासनिसांकडे असतात; ते उघडून पुन्हा लावू शकतात. नव्या बॅगांना पुष्कळदा असं कुलूप बसवलेलंच असतं. त्यावरचं किल्लीचं भोक पाहून ‘आमची किल्ली कुठे गेली?’ म्हणून शोधू नका. ती तपासनिसांसाठीच असते. तुम्ही फक्त आकडे लक्षात ठेवायचे.

त्यावर विसंबायचं किती?

बेताचंच. २०१४ मध्ये या खास किल्ल्यांचा फोटो एका अमेरिकन वृत्तपत्रात छापून आला आणि २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून घरच्या घरी तशा किल्ल्या बनवल्या! शिवाय चेनची बॅग साध्या बॉलपेनच्या टोकानंही उसवता येते आणि चेन फिरवली की पुन्हा जुळते. म्हणजे कुलूप कशासाठी? आपटाआपटीत बॅग उघडू नये आणि सहज कुणाचा हात आत जाऊ नये, एवढ्यासाठी.

म्हणून सामान असं लावा:

• मंगळसूत्र, बांगड्या, बाळासाठी केलेलं सोनं, पैसे, पासपोर्ट, रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं जवळच्या पर्समध्ये. सामानातल्या दागिन्यांची जबाबदारी विमान कंपन्या बहुधा घेत नाहीत.

• मोबाईलची पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात चालत नाहीत. त्या जवळच ठेवा.

• पिठं-मसाल्यांची पाकिटं एकावर एक दाबून भरू नका. यंत्राच्या पडद्यावर त्यांचा एकच दाट गोळा दिसतो आणि बॅग उघडण्याची पाळी येते. पाकिटांवर नावं लिहा.

• सुकं खोबरं घेऊ नका. ते तेलकट, आपोआप तापणारं म्हणून विमानाच्या धोकादायक मालात मोडतं.

• लोणचं दुहेरी पिशवीत बांधा. परक्या हातांनी बॅग उघडली तरी पुन्हा नीट मिटली पाहिजे, इतकी जागा सोडा.

• भरलेल्या बॅगेचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.

उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग घेतलीत की तिथेच नीट पाहा. फुटली असेल किंवा काही गेलं असेल, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करा. मोडतोडीची तक्रार सात दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते, असं १९९९ चा माँट्रियल करार सांगतो. भारतही २००९ पासून त्यात आहे.

तेव्हा कुलूप अवश्य लावा. पण जे हरवलं तर जीव खालीवर होईल, ते त्या कुलपाच्या हवाली करू नका.