अर्धशिशी आणि घरचा हिशेब

डोके दुखणे हा लेखाचा विषय होऊ शकतो असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. ताप आला तर लोक अंगाला हात लावून पाहतात. हाड मोडले तर पाटी बांधलेली सर्वांना दिसते. डोके दुखणाऱ्या माणसाचे मात्र काहीच दिसत नाही. तो दार लावून अंधारात पडून असतो आणि बाहेर ओसरीवर बसलेले म्हणतात, "काल तर चांगला बाजारात हिंडत होता!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, अखेर त्याविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त झाले.

आमचे गाव मेहकर. बुलढाणा जिल्ह्यातले नव्हे, तर बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात राहिले. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी अशी तिन्ही बोलींची गर्दी असते. दुखण्याच्या बाबतीत मात्र या तिन्ही भाषांचे एकमत आहे. आपण अर्धशिशी म्हणतो, कानडी माणूस अरेतलेनोवु म्हणतो, दखनी बोलणारे आधे सर का दर्द म्हणतात. तिन्हींत 'अर्धे' आहेच. युरोपातील डॉक्टर वापरतात तो मायग्रेन हा शब्दही 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरूनच आलेला आहे. आयुर्वेदात अर्धावभेदक असे नाव आहे. जगात इतक्या ठिकाणी इतक्या लोकांनी एकच खूण सांगावी, यावरून हे दुखणे ढोंगाचे नाही एवढे तरी मान्य व्हावे.

आम्हांस ते सोळाव्या वर्षापासून आहे. आमच्या आईस होते, आजीसही होते. आजी कपाळाला फडके आवळून, सुंठ उगाळून लावून चुलीपुढे बसत असे. हे दुखणे घराण्यात उतरते असे डॉक्टर सांगतात, ते आमच्या घरापुरते तरी खरे ठरले आहे. प्रथम डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेघ येते. मग एका बाजूच्या कानशिलात ठणका सुरू होतो, उजेड सोसत नाही, फोडणीचा वास आला की पोटात ढवळते, आणि जिना चढावा तर पावलागणिक डोक्यात घण बसतो. चकाकणारी रेघ सर्वांनाच दिसते असे नाही. ती नसतानाही अर्धशिशी असू शकते.

आमचा धंदा शिवणकामाचा. जून महिन्यात शाळेचे गणवेश आणि दिवाळी-नाताळात नवे कपडे, हे आमचे सुगीचे दिवस. नेमक्या याच दिवसांत जागरण होते, जेवण लांबते, दिव्याखाली डोळे ताणले जातात आणि अर्धशिशी दारात उभी राहते. काही वर्षांपूर्वी घरावरचे पत्रे बदलण्यासाठी आम्ही कर्ज काढले आणि त्याच वेळी राहिलेली पदवीची परीक्षा बाहेरून देण्याचे ठरवले. दोन्ही निश्चय एकाच आठवड्यात केले. शहाण्या माणसाने असे करू नये, हे आम्हांस आता कळते.

पहिले वर्ष कसे गेले ते सांगतो. महिन्याचे तीस दिवस काम होईल असे धरून आम्ही हप्ता बांधून घेतला होता. प्रत्यक्षात महिन्याकाठी आठ-दहा दिवस अंथरुणात जात. गिऱ्हाइके चिडत. ती चिडली की आम्ही दोन गोळ्या घेऊन यंत्रावर बसत असू. गोळी टपरीवर मिळते, तिला चिठ्ठी लागत नाही. आधी दुखले म्हणून घेत होतो, पुढे दुखेल म्हणून घेऊ लागलो, आणि नंतर सकाळच्या चहाबरोबर घेणे हा नेमच झाला. जवळच्या एका गावी सुई टोचून देणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडेही खेपा झाल्या. ते कसली सुई देतात हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वर्षअखेर पाहतो तो डोके महिन्यातून वीस दिवस दुखू लागलेले! परीक्षेच्या दुसऱ्या पेपराच्या दिवशी आम्ही भालकीच्या बसमधूनच परत आलो. पत्र्यांचे दोन हप्ते थकले.

ज्या डॉक्टरीणबाईंनी आम्हांस यातून काढले त्यांनी नाडी पाहण्यापूर्वी एकच प्रश्न केला : "गोळ्या किती दिवस घेता?" त्यांस मराठी बेताचेच येत होते, आमची कानडी मोडकी, तरी 'दिवस' आणि 'गोळी' हे दोन शब्द दोघांसही पुरले. आम्ही बोटे मोजू लागलो आणि मोजता मोजता लाज वाटली. त्यांनी समजावले ते असे : डोकेदुखीच्या गोळ्या अति झाल्या तर त्याच डोके दुखवतात. साधी पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिनसारखी गोळी महिन्यातून पंधरा दिवस वा त्याहून अधिक, आणि मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या दहा दिवस वा त्याहून अधिक, असे तीन महिन्यांवर चालले, म्हणजे हा फेरा सुरू होऊ शकतो. विहिरीतून पाणी काढावे आणि तेच पुन्हा विहिरीत ओतावे, तसा हा प्रकार. फेरा तोडण्यासाठी त्या गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली बंद कराव्या लागल्या. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर त्यांनी दोन निराळ्या गोष्टी दिल्या. एक, दुखणे सुरू होताच लगेच घेण्याचे औषध. ठणका शिगेला पोहोचल्यावर घेतले तर त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण त्या वेळी पोटही मंदावलेले असते. दोन, दुखो वा न दुखो, काही महिने रोज घेण्याचे प्रतिबंधक औषध. आम्हांस मिळाले ते प्रोप्रॅनोलॉल. त्याची कथा गमतीची आहे. ते मुळात हृदयासाठी काढलेले. १९६६ साली छातीच्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्या एका रोग्याची अर्धशिशी कमी झाली, तेव्हा डॉक्टरांच्या हा गुण ध्यानात आला. मात्र ज्यांस दमा आहे त्यांनी ते घेऊ नये. म्हणून शेजाऱ्याचे औषध आपण घेणे बरे नव्हे. अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अशी इतरही प्रतिबंधक औषधे आहेत आणि कोणते कोणास, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. १९९१ पासून सुमाट्रिप्टान व त्याच्या जातीची औषधेही आली आहेत. ती केवळ वेदना मारत नाहीत, तर अर्धशिशीच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या खळबळीवर काम करतात. पण हृदयविकार असलेल्यांस ती वर्ज्य आहेत.

तिसरी गोष्ट फुकटची होती आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची ठरली. त्यांनी वही ठेवण्यास सांगितले. निराळी वही कशाला, म्हणून आम्ही शिवणकामाच्या हिशेबाच्या वहीतच समासात लाल शाईने खूण करू लागलो : कोणत्या दिवशी दुखले, किती वेळ, आदल्या दिवशी काय झाले, गोळी घेतली की नाही. तीन महिन्यांनी वही उलटून पाहिली. ज्या दिवशी दुपारचे जेवण तीननंतर झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बहुधा लाल खूण. रात्री बारानंतर यंत्र चालले, लाल खूण. वैशाखाच्या उन्हात उदगीरच्या बाजारी कापड आणावयास गेलो, लाल खूण. आणि ज्यावर आमचा पूर्वीपासून वहीम होता त्या वांग्याच्या भाजीपुढे एकही खूण नाही! तेव्हापासून वांगी पुन्हा सुरू झाली.

येथे जिलेबीविषयी दोन शब्द. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी जाते, असे आमच्या भागात जुनी माणसे सांगतात. आम्ही तिची थट्टा करीत असू. वही पाहिल्यावर वाटते, उपाशी पोट हे ज्याच्या दुखण्याचे कारण आहे त्यास पहाटे पोटात काही गेल्याने आराम पडत असेलही; तेवढे काम भाकरीचा तुकडाही करील. कपाळावर डाग देण्याची चाल मात्र सर्वस्वी टाकून द्यावी. त्याने कातडी भाजते, दुसरे काही होत नाही.

उपवासाचेही तसेच. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस आम्हांस दरवर्षी भोवत. अखेर धीर करून धर्मगुरूंना विचारले. आजारी माणसावर उपवासाचे बंधन नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. वर असेही म्हणाले की, हे विचारण्यास इतकी वर्षे का लावली? आता त्या दिवशी आम्ही साधे पण वेळेवर जेवतो.

वही हाती आल्यावर पैशाचा हिशेबही बदलला. महिना तीस दिवसांचा धरण्याऐवजी आम्ही तो बावीस दिवसांचा धरू लागलो. जून महिन्यात बावीस दिवसांत होतील तेवढेच गणवेश घ्यायचे आणि उरलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायचे. प्रथम जिवावर आले. पण कबूल केलेले कपडे वेळेवर जाऊ लागले, तशी गिऱ्हाइकांची चिडचिड थांबली. बऱ्या दिवसांत काजे, हुक, तुरपाई अशी बारीक कामे उरकून न ठेवता उलट ती मागे ठेवायची आणि कापणे व यंत्रावरचे काम आधी करायचे, कारण डोके जड असले तरी सावलीत बसून तुरपाई करता येते. परीक्षेचे तीन विषय एका वर्षी देण्याऐवजी एकेक दिला. लोक वेळ लागल्याबद्दल हसले. हसोत.

कर्जाची अडचण मात्र एकट्याने सुटण्यासारखी नव्हती. बचत गटांच्या बाबतीत आमचा बीदर जिल्हा जुना आहे. १९९० च्या दशकापासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने येथे गावोगावच्या बायकांचे गट बँकेशी जोडले. आमच्या घरचे खातेही अशाच एका गटात होते. त्या गटात बैठक चुकली की दंड असे. दंड थोडा, पण दुखण्याच्या दिवशी बैठक आली की दंडही भरायचा आणि "निमित्तच सांगतात" हे ऐकायचेही. एके दिवशी आम्ही ती लाल खुणांची वही बैठकीत नेऊन ठेवली. कोणी काही बोलेना. मग शेजारच्या अक्का, ज्या आजवर सर्वांत मोठ्याने हसत, हळूच म्हणाल्या, "मलाबी हाय हे. मी सांगितलं न्हाई." त्यांच्यामागोमाग आणखी दोघी निघाल्या. बारा जणींत चौघी! पुढच्या बैठकीत नियम झाला की, दुखणाऱ्याने पैसे कोणाबरोबरही पाठवावेत, दंड नाही.

बारांत चौघी हे ऐकून आम्ही चकित झालो होतो. आता कळते की, चकित होण्याचे कारण नव्हते. बंगळूर व आसपासच्या खेड्यांत २,३२९ प्रौढ माणसांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण त्यात सुमारे चारांत एक असे निघाले, आणि स्त्रियांत ते पुरुषांहून अधिक. जगाच्या हिशेबात तर तरुण स्त्रियांना सर्वांत अधिक पंगू करणारे दुखणे म्हणून २०१९ सालच्या आकड्यांवरून अर्धशिशीचेच नाव पुढे आले. तरीही २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात जे एकवीस प्रकार दिले आहेत त्यांत हिचे नाव नाही. तेव्हा सवलत मागावी तर ती घरात, गटात आणि मालकाजवळच मागावी लागते.

बाराव्या शतकातील जर्मन मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड यांनी आपल्या दर्शनांत चकाकणारे तारे आणि प्रकाशाची वर्तुळे वर्णिली आहेत. ती अर्धशिशीची लक्षणे असावीत, असा तर्क चार्ल्स सिंगर या इंग्रज इतिहासकाराने १९१७ साली मांडला. तर्क तो तर्कच. आम्ही त्यावर वाद घालणार नाही. पण त्या बाई वारंवार अंथरुणास खिळत, आणि तरीही त्यांनी मठ उभारला, संगीत रचले, वनस्पतींवर ग्रंथ लिहिले, हे इतिहासात आहे. २०१२ साली त्यांस ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित करण्यात आले.

एक सूचना येथेच करून ठेवतो, कारण तीत जिवाचा प्रश्न आहे. प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. क्षणार्धात वीज पडावी तसे दुखले, तापाबरोबर मान ताठरली, हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळली, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागले, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू झाले, तर लेप आणि फडके बाजूस ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. गरोदर बाईनेही कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आमची अर्धशिशी गेलेली नाही. महिन्याकाठी तीन-चार लाल खुणा अजून पडतात. पत्र्यांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या माघात द्यायचा होता. सकाळपासून पैसे मोजून, पुडी बांधून ठेवले होते आणि अकराच्या सुमारास डोळ्यांपुढे ती नागमोडी रेघ आली. आम्ही गोळी घेतली, खिडकीवर कांबळे टाकले आणि पुडी अक्कांच्या हाती दिली. संध्याकाळी त्या पावती घेऊन आल्या तेव्हा आम्ही झोपेतच होतो. ती त्यांनी वहीत, त्या दिवसाच्या लाल खुणेवरच, टाचणीने लावून ठेवली.