वाऱ्याशी सलोखा

चाळिशी उलटली की पुष्कळांची सायकल पडवीत गंजत उभी राहते. ‘आता दम लागतो’, असे ते सांगतात. माझीही दोन वर्षे तशीच गेली. दोष वयाचा नव्हता, घाईचा होता, हे मागाहून ध्यानात आले.

सपाट रस्त्यावर वेगाने जाताना आपली बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून ताशी १२ ते १५ किलोमीटरांची चाल धरावी. सोबत्याशी बोलताना धाप लागली, तर वेग उतरवावा. बैठकीची उंचीही पाहावी. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली, तर पाय सरळ व्हावा. बैठक बुटकी राहिली की गुडघे कुरकुरतात.

रस्ताही निवडून घ्यावा. निपाणी-बेळगाव महामार्गावर अवजड वाहनांच्या धास्तीने मन विसावत नाही. त्यापेक्षा बेळगावच्या पश्चिमेस, बेळगुंदीच्या बाजूने राकसकोपला जावे. शहराला पाणी पुरविणारा मार्कंडेय नदीवरील जलाशय तेथे आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. उघडीप पाहून निघावे आणि जाताना ताज्या दमाने त्याला तोंड द्यावे. परतताना पाय थकलेले असतात, तेव्हा तोच वारा पाठीवर हात ठेवून आपल्याला घरी आणतो.

तेव्हा पडवीतली सायकल बाहेर काढा, चाकांत हवा भरा. पोहोचण्याची घाई मात्र घरीच ठेवा.