'नैसर्गिक' हा शब्द आणि रजोनिवृत्तीची औषधे

साधारणपणे पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात स्त्रीची पाळी जाते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोपमोड होते, चिडचिड वाढते. आपल्याकडे या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याऐवजी कुणी दिलेली डबी वापरून पाहण्याकडे कल असतो. आमच्या परिचयातील एका भगिनीला अमेरिकेत राहणाऱ्या तिच्या मुलीने अशीच एक मलमाची डबी पाठविली. डबीवर 'नैसर्गिक' हा शब्द ठळक होता, खाली 'रानकंदाचा अर्क' एवढेच. धोक्याची सूचना नाही, म्हणजे धोका नाही, असे तिने गृहीत धरले. हा समज कसा निर्माण होतो ते सभासद भगिनींनी व विद्यार्थिनींनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत १९९४ साली पूरक आहारविषयक कायदा झाला. पोटात घ्यावयाच्या वनस्पतिजन्य गोळ्या बाजारात आणण्यापूर्वी त्या सुरक्षित व गुणकारी असल्याचे सरकारपुढे सिद्ध करावे लागत नाही, ती जबाबदारी उत्पादकावर सोपविलेली आहे. मलम या कायद्यात बसत नाही. ते बहुधा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाते, आणि त्यालाही विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही. म्हणजे डबी दुकानात आहे याचा अर्थ कुणी ती तपासली आहे, असा होत नाही.

पुढे जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या पाहणीतील एक भाग मध्येच थांबविण्यात आला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गाठी यांचे प्रमाण अधिक आढळले होते. स्त्रिया घाबरल्या आणि 'नैसर्गिक' मालाला मोठे गिऱ्हाईक मिळाले.

आता रानकंदाचे पाहू. आपल्या कोनफळाच्या कुळातील मेक्सिकोच्या एका कंदात डायोस्जेनिन हे द्रव्य असते. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात त्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार केले, ही गोष्ट खरी. पण ती प्रयोगशाळेत, अनेक रासायनिक पायऱ्यांनी. माणसाच्या शरीरात ही क्रिया होत नाही. कंदाचा अर्क अंगाला चोळून हार्मोन मिळेल, ही आशा व्यर्थ आहे. (आणि कारखान्यातील हार्मोनही अखेर वनस्पतीपासूनच निघते, मग 'नैसर्गिक' कशाला म्हणावे?)

याहून गंभीर प्रकार म्हणजे औषधविक्रेत्याने स्वतः मिसळून दिलेली हार्मोन्स. यांत खरे इस्ट्रोजेन असते, परंतु मंजूर औषधासोबत येणारी माहितीपत्रिका बहुधा नसते. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा सात विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांबद्दल ताकीद दिली. गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढते व तेथे कर्करोगाचा धोका निर्माण होतो, हे १९७५ पासून ठाऊक आहे. त्यासाठी पुरेसे प्रोजेस्टेरॉन सोबत लागते. त्वचेवर लावलेल्या मलमातून ते पुरेसे मिळेलच, याचा भरवसा धरता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने मंजूर हार्मोन औषधांवरील चौकटीतील बरेच इशारे काढण्याचे जाहीर केले, तेव्हाही नुसत्या इस्ट्रोजेनबाबतचा हा अस्तराच्या कर्करोगाचा इशारा कायम ठेवला. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मंजूर औषध घेण्यास आमचा विरोध नाही. उलट पुष्कळ जणींना त्याने आराम पडतो.

वनस्पती म्हणून निरुपद्रवी, असेही नाही. ब्लॅक कोहोश या मुळीच्या गोळ्यांबाबत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये वेष्टनावर तसा इशारा छापणे आवश्यक केले.

आपल्या देशात आयुर्वेदिक औषधांना १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र अन्न कायद्याखाली येतात आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असे त्यांच्यावर छापावे लागते. ही ओळ बारीक असते, पण वाचावी.

सदर भगिनीची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. पुन्हा रक्त दिसू लागले तेव्हा तो मलमाचा 'गुण' समजून तिने दोन महिने अंगावर काढले. अखेर तपासणी झाली. अस्तर वाढलेले निघाले, सुदैवाने कर्करोग नव्हता. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि जाताना घरातील अशी प्रत्येक डबी व बाटली पिशवीत घालून सोबत न्यावी.