‘गंधवानी’ निवडताना केवळ ‘धव’ का निवडले जाते?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात गंधवानी हे गाव आहे. प्रोग्राम लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोड एडिटरमध्ये हे नाव टंकून, एखाद्या एक्स्टेन्शनच्या ‘शब्द निवडा’ या आज्ञेने ते निवडू पाहिल्यास कधी कधी केवळ ‘धव’ एवढाच भाग निवडला जातो. त्या जागी नवा शब्द टंकल्यास आधीचा ‘गं’ तसाच राहतो आणि मागे उरलेला काना नव्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराला चिकटतो. गावांच्या यादीत असे घडले, तर चुकीचे नाव नकळत पुढे जाते.

याचे कारण युनिकोडच्या रचनेत आहे. वाचकाला गं, ध, वा, नी अशी चार अक्षरे दिसतात. संगणक मात्र सात संकेत साठवतो. अनुस्वार, काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र संकेत असून त्यांची गणना वर्णांत नव्हे, तर चिन्हांत होते. ‘सलग वर्ण म्हणजे शब्द’ अशी व्याख्या एक्स्टेन्शनमध्ये असेल, तर प्रत्येक चिन्हापाशी शब्द तुटतो. व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स बहुधा जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिली जातात. जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या मानकापासून युनिकोडचे वर्ग थेट वापरता येतात. त्यामुळे व्याख्येत वर्णांसोबत चिन्हांचा वर्ग जोडला, की संपूर्ण शब्द निवडला जातो.

जोडाक्षरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. ‘म्हापसा’ या नावात तीन अक्षरे आहेत. परंतु युनिकोडच्या जुन्या सर्वसाधारण नियमानुसार म्, हा, प, सा असे चार तुकडे होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने नियम बदलला आणि देवनागरी जोडाक्षर अखंड मानले. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या साधनांत मात्र ‘म्हा’ अजूनही दुभंगू शकतो. म्हणून एक्स्टेन्शनने संकेत मोजून निवडीची सीमा ठरवू नये. जावास्क्रिप्टमधील ‘सेगमेंटर’ या सुविधेकडून अक्षरांच्या सीमा विचारून घ्याव्यात.

खोडण्याचा नियम मात्र वेगळा ठेवणे इष्ट. ‘नी’ची वेलांटी चुकली, तर बॅकस्पेसने केवळ वेलांटी जावी, अशीच लिहिणाऱ्याची अपेक्षा असते. निवड अक्षराची आणि दुरुस्ती चिन्हाची, हा भेद पाळणारे साधनच मराठी लेखनाला सोयीचे ठरते. एक्स्टेन्शनची चाचणी इंग्रजी शब्दांवर न थांबवता गंधवानी आणि म्हापसा यांसारख्या नावांवरही घेतली, तर हे दोष वेळीच उघड होतात.